पडदा काळा, यंत्र जागं

मझौलीचं नाव निघालं की आमच्या जबलपूरच्या मराठी घरांत वराहाची आठवण निघते. कलचुरींच्या काळातली ती दगडी मूर्ती, चारी पायांवर उभा वराह आणि त्याच्या अंगभर ओळीओळींनी कोरलेले देव. २०२३च्या दिवाळीनंतर मी सिहोऱ्याहून बस बदलून मझौलीला गेलो, तो मात्र एका काळ्या पडद्यासाठी.

भाचा तिथे लग्नांचे फोटो-व्हिडिओ करतो. देवउठनी ग्यारस तोंडावर आलेली. एकदा तुळशीचं लग्न लागलं की इकडे बँडबाजा थांबत नाही. अशा वेळी त्याचा फोन आला, "मामा, यंत्र जळलं वाटतं. स्क्रीनवर काहीच नाही. तुम्ही येऊन बघाच."

त्याचं यंत्र म्हणजे जबलपुरात सुटे भाग जुळवून घेतलेला साधा डबा. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि त्यावर ॲपलची मॅकओएस. असल्या यंत्राला हॅकिन्टॉश म्हणतात. व्हिडिओ कापण्या-जोडण्याचं फायनल कट प्रो संगणकांपैकी मॅकवरच चालतं आणि मॅक खिशाला परवडत नाही, एवढीच त्यामागची कथा. कायद्याचं आधीच सांगून टाकतो. ॲपलचा परवाना ही प्रणाली ॲपलच्याच यंत्रावर चालवायला देतो. अमेरिकेतल्या सायस्टार कंपनीने २००८ साली मॅकओएस घातलेले स्वतःचे डबे विकायला काढले, ॲपलने तिला कोर्टात खेचलं आणि २००९च्या नोव्हेंबरमध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. घरी करून बघणाऱ्यांच्या मागे कंपनी तशी लागलेली दिसत नाही, पण म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. भाच्याला हे मी दरवेळी ऐकवतो आणि तो दरवेळी चहा सांगतो.

आता मुद्द्याचं. हॅकिन्टॉशमध्ये आवाज, वायफाय, झोपेतून जागं होणं, सगळंच कुरकुरतं. पण रडवतात ती ग्राफिक्स. विंडोजमध्ये ड्रायव्हर लिहायची जबाबदारी कार्ड बनवणाऱ्याची असते. कार्ड आणा, त्याचा ड्रायव्हर घाला, चालू. मॅकओएसमध्ये ड्रायव्हर प्रणालीच्या पोटातच येतात, आणि ॲपलने आपल्या मॅकमध्ये जी चिप कधी बसवली तिचेच येतात. त्यामुळे आकडा मोठा तितकं कार्ड चांगलं, हा दुकानातला हिशेब इथे चालत नाही. एएमडीचं आरएक्स ६६०० चालतं, त्याहून महागाचं ६७०० एक्सटी जसंच्या तसं चालत नाही, कारण त्या जातीची चिप कुठल्याच मॅकमध्ये नव्हती. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढची अंगभूत ग्राफिक्स याच कारणाने बाद. एनव्हिडियावाल्यांचे हाल आणखी वाईट. २०१७च्या हाय सिएरा या मॅकओएसच्या आवृत्तीपर्यंत एनव्हिडिया स्वतःचे ड्रायव्हर देत होती. २०१८च्या मोहावीपासून ते बंद झाले आणि जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेची सगळी कार्डं एका रात्रीत शोभेची झाली.

भाच्याकडे आधी एनव्हिडियाचंच जीटी ७१० होतं. स्वस्त, पंखा नाही, आवाज नाही. ते जुन्या केप्लर जातीचं, आणि तसल्या चिपा मॅकमध्ये असल्यामुळे ते बिग सरपर्यंत गुण्यागोविंदाने चाललं. २०२१ साली मॉन्टेरे आली आणि केप्लरचे ड्रायव्हर ॲपलने काढून टाकले. तेव्हा त्याने पहिल्यांदा ठिगळ लावलं.

ठिगळं दोन जातींची असतात. ही जात ओळखली की अर्धी डोकेदुखी जाते, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं ठिगळ स्मृतीत लागतं. यंत्र सुरू होताना ओपनकोअर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आधी उठतो आणि मॅकओएसला उठवतो. उठवताना तो लिलू आणि व्हॉटेव्हरग्रीन अशा दोन पुरवण्या सोबत देतो. ड्रायव्हर डिस्कवरून उचलून मेमरीत आला की ही जोडी त्यात चालत्या गाडीत फेरफार करते. डिस्कवरच्या मूळ फायलीला हात लागत नाही. यंत्र बंद केलं की ठिगळ विरलं, चालू केलं की पुन्हा लागलं. म्हणून अपडेट आला तरी ते सहसा टिकतं.

दुसरं ठिगळ डिस्कवर शिवतात. ओपनकोअर लेगसी पॅचर हे अवजार खरं म्हणजे ॲपलच्याच जुन्या, कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या मॅकसाठी निघालं. काढून टाकलेले ड्रायव्हर जुन्या आवृत्तीतून उचलून ते नव्या प्रणालीच्या डिस्कवर बसवतं. हॅकिन्टॉशवालेही ते वापरू लागले. पण २०२०च्या बिग सरपासून ॲपल प्रणालीच्या डिस्कला गणिती सील लावते. ठिगळ शिवायचं तर ते सील फोडावं लागतं, सुरक्षेचे दोन-तीन अडसर उघडे टाकावे लागतात, आणि एवढं करून पुढचा अपडेट आला की प्रणालीची नवी कोरी प्रत बसते व ठिगळ उसवतं. शिवाय सील फुटलेल्या डिस्कवर छोटा अपडेट बसत नाही. प्रत्येक वेळी अख्खा इन्स्टॉलर उतरवायचा, बारा-बारा जीबीचा. मझौलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बारा जीबी म्हणजे काय, हे शहरातल्याने विचारू नये. मध्येच वीज गेली तर तेही नव्याने.

भाच्याचं ठिगळ याच दुसऱ्या जातीचं. दोन अपडेटांत तो वैतागला. जीटी ७१० काढून त्याने फळीवर ठेवलं आणि प्रोसेसरच्याच अंगभूत एचडी ५३० ग्राफिक्सवर आला. मॉन्टेरेत ते बिनठिगळाचं चाललं. मग एका प्लगइनला व्हेंच्युरा हवी झाली, आणि व्हेंच्युरात ॲपलने नेमके सहाव्या पिढीचे, म्हणजे स्कायलेकचे, ड्रायव्हर काढले होते. पोरगा पुन्हा तिथेच.

यावर उपाय आहे आणि तो मला गमतीचा वाटतो. सहाव्या पिढीची ग्राफिक्स आणि सातव्या पिढीची, म्हणजे केबी लेकची, सख्ख्या बहिणी. सातवीचे ड्रायव्हर व्हेंच्युरात आहेत. तेव्हा धाकटीचं नाव सांगून थोरलीला आत पाठवायचं. त्यासाठी तीन गोष्टी एकदम बदलाव्या लागतात. यंत्राने स्वतःला २०१५चा नव्हे, २०१७चा आयमॅक म्हणवायचं. चिपचा ओळखक्रमांक १९१२ऐवजी ५९१२ सांगायचा. आणि कोणती चौकट वापरायची त्याचा, प्लॅटफॉर्म आयडीचा, क्रमांक ५९१२०००० द्यायचा. भाच्याने तिन्ही बदलल्या होत्या, तरी पडदा काळाच.

मी पहिलं काम केलं ते त्याचे हात थांबवण्याचं. घाबरलेला माणूस एका दमात पाच गोष्टी बदलतो. मग पडदा आला तरी कशाने आला कळत नाही आणि गेला तरी कशाने गेला कळत नाही. ओपनकोअर ज्यात असतो त्या चालू ईएफआय फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर, हे त्याने निदान केलं होतं. तेवढी प्रत असली की काहीही बिघडलं तरी त्या पेनड्राइव्हवरून यंत्र उठतं. ती नसेल तर मी हात लावत नाही.

मग यंत्र बोलतं केलं. सुरू होतानाच्या सूचनांमध्ये उणे चिन्ह आणि व्ही एवढं लिहिलं की सफरचंदाच्या जागी पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावू लागतात. त्या वाचायच्या नसतात, कुठे थांबतात ते पाहायचं असतं. आमच्या ओळी आयओ कन्सोल युझर्स या शब्दांपाशी थांबल्या. या धंद्यातल्या प्रत्येकाला ही ओळ पाठ असते. साधा मजकुराचा पडदा खऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या हवाली होण्याचा तो क्षण. तिथे अडलं म्हणजे बाकीचं यंत्र बहुधा ठीक, घोळ ग्राफिक्सचा.

पुढची सूचना उणे आयजीएफएक्स व्हेसा. म्हणजे ड्रायव्हर लावूच नकोस, जसं जमेल तसं चित्र दाखव. चित्र आलं. खिडकी ओढली तर मागे सावल्या राहत होत्या, खालचा डॉक काचेसारखा दिसायच्या ऐवजी मेणचट राखाडी. यंत्राच्या माहितीत ग्राफिक्स मेमरी ७ एमबी. हे सात एमबी दिसले की समजावं, गती देणारा ड्रायव्हर लागलेला नाही. नीट लागलेला असेल तर याच जागी दीड हजारांच्या घरातला आकडा असतो. पण चित्र आलं यातच एक मोठी बातमी होती. काहीही जळलेलं नव्हतं.

मग ओपनकोअरच्या कॉन्फिगची फाइल उघडली. चिपचा क्रमांक त्याने बरोबर भरला होता, १२ ५९ ०० ००. प्लॅटफॉर्म आयडीत मात्र ५९ १२ ०० ०० असाच्या असा. इंटेलची चिप आकड्याचं शेपूट आधी वाचते. म्हणून दोन-दोन अंकांच्या जोड्या करायच्या आणि जोड्या उलट क्रमाने मांडायच्या, ०० ०० १२ ५९. जोडीच्या आत उलटापालट नाही. जुन्या पोथ्यांत शक शब्दांत गुंफलेला असला की अंक उजवीकडून डावीकडे लावतात, तसलाच प्रकार. "एक क्रमांक उलटा भरलास आणि दुसरा सुलटा?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "पहिला कुठूनतरी कॉपी केला मामा, दुसरा हाताने लिहिला."

आकडा सुधारला, यंत्र पुन्हा सुरू केलं. ओळी धावल्या, ती नकटी ओळ ओलांडली, आणि पडदा पुन्हा काळा. भाच्याने कपाळावर हात मारला. मी कळफलकावर कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. ही परीक्षा फुकटची आहे आणि कुणी करत नाही. दिवा ऐकत असेल तर यंत्र जागं आहे. लॉगिनचा पडदा तयार करून ते बसलंय, फक्त तो कुठल्या तारेने पाठवायचा ते त्याला चुकीचं सांगितलेलं आहे.

कारण प्लॅटफॉर्म आयडी म्हणजे नुसतं नाव नव्हे. त्या क्रमांकामागे एक तक्ता असतो. बाहेर किती खोबण्या आहेत, कोणती कुठल्या रेषेवर, प्रत्येकीची जात काय. ५९१२ वाल्या तक्त्यात तीन खोबण्या आणि तिन्ही डिस्प्लेपोर्ट, कारण तो ॲपलच्या बोर्डाचा नकाशा. भाच्याच्या बोर्डावर एचडीएमआय. तेव्हा त्या खोबणीची जात बदलून सांगायची, ०० ०४ ऐवजी ०० ०८. तिघींतली आपली कोणती, हे कळायला सोपा मार्ग नाही. एक बदलायची, यंत्र सुरू करायचं, बघायचं. आमची दुसऱ्या खेपेला सापडली. त्याचा नेहमीचा मॉनिटर तर जुना, निळ्या पिनांच्या व्हीजीए तारेचा होता, आणि स्कायलेकपासून पुढे मॅकओएसमध्ये व्हीजीए म्हणजे निव्वळ नशीब. म्हणून भाच्याने घरातला टीव्ही उचलून आणला होता. एचडीएमआय असलेली तेवढी एकच वस्तू.

एएमडीच्या आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेवाल्यांनाही असाच जागेपणीचा अंधार भेटतो, पण कारण वेगळं. कोणत्या आयमॅकला कोणतं कार्ड शोभतं याची ॲपलची एक यादी असते. यादीत जोडी बसली नाही की तारेतून चित्रच सुटत नाही. एजीडीपीमॉड बरोबर पिकेरा एवढं सुरुवातीच्या सूचनांत लिहिलं की ती चौकशी टळते. लॅपटॉपवाल्यांचा रोग तिसराच. बायोस ग्राफिक्ससाठी ३२ एमबीच राखून ठेवतं, ड्रायव्हर त्याहून जास्त मागतो आणि यंत्र कोसळतं. तिथे ड्रायव्हरची मागणीच ठिगळ लावून १९ आणि ९ एमबीवर आणतात.

हे सगळं शिकून किती दिवस पुरणार, असा प्रश्न कुणी विचारला तर माझ्याकडे गोड उत्तर नाही. २०२०पासून ॲपल स्वतःच्या चिपांवर गेली. २०२५च्या जूनमध्ये तिने जाहीर केलं की इंटेलवर चालणारी टाहो ही शेवटची मॅकओएस. त्यानंतर काही काळ सुरक्षेचे अपडेट येतील, पण नवी प्रणाली इंटेलसाठी नाही. मग ठिगळ लावायला कापडच उरणार नाही. आणि ज्यांच्या डिस्कचं सील फुटलंय त्यांनी त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढं तरी माझं ऐकावं. भाच्याला तेव्हाच म्हटलं होतं, दोन सीझनचे पैसे साठव आणि जुना का होईना, एम-वन मॅक मिनी घे. तो हो म्हणाला. त्याचं हो म्हणजे मझौलीतलं हो.

संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर व्हेंच्युरा उभी राहिली. मेमरी १५३६ एमबी. डॉक काचेसारखा झाला आणि त्याच्याआडून कुण्या नवरीच्या हळदीचा पिवळा फोटो दिसू लागला. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात चौकोन उमटला, अपडेट उपलब्ध. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याने उद्या आठवण करा वर क्लिक केलं आणि सेटिंगमध्ये जाऊन आपोआप अपडेटची कळ बंद केली.

आतून ताईचा आवाज आला, "झालं का रे तुमचं? टीव्ही आणून ठेवा, सिरियल लागेल आता."