कावळा, फांदी आणि सर्पदंश

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. संस्कृतातही ‘काकतालीय न्याय’ आहे : कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ खाली पडले. फळ कावळ्यामुळे पडले नाही. दोन घटना एका वेळी घडल्या, एवढेच. ‘याच्यानंतर घडले, म्हणून याच्यामुळेच घडले’ असे मानणे हा तर्कदोष आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तरीही रोजच्या बोलण्यात आपण तो सर्रास करतो. काही वेळा तो जिवावर बेततो.

वर्गात सापांचा धडा चालू असताना एखादा मुलगा उठून सांगतो, “सर, माझ्या काकांना साप चावला होता. मंत्र घातला आणि ते बरे झाले.” मुलगा खोटे बोलत नाही. काका खरोखरच बरे झाले. प्रश्न एवढाच, की ते मंत्रामुळे बरे झाले का?

भारतातील बहुतेक जातींचे साप माणसाला निरुपद्रवी आहेत. महाराष्ट्रात जिवाला मुख्य धोका असतो तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांपासून. शिवाय विषारी साप प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. आता समजा, १०० जण मांत्रिकाकडे गेले. (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) त्यांपैकी ६० जणांना बिनविषारी साप चावला. १० जणांना विषारी साप चावला, पण विष अंगात गेले नाही. उरलेल्या ३० पैकी १० जणांच्या अंगात विष थोडे गेल्यामुळे ते वाचले आणि २० दगावले. म्हणजे ८० जण चालत घरी गेले. मांत्रिकाची कीर्ती ८० तोंडांनी गावोगाव पसरली. दगावलेले २० जण साक्ष द्यायला येत नाहीत; त्यांच्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ असे म्हटले जाते. मंत्र घातला नसता तरी हे ८० जण वाचलेच असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

असा दावा तपासण्यासाठी फळ्यावर चार चौकोन काढावेत : मंत्र घातला–वाचला, मंत्र घातला–दगावला, मंत्र नाही–वाचला, मंत्र नाही–दगावला. काकांचे उदाहरण फक्त पहिल्या चौकोनात बसते. बाकीचे तीन चौकोन भरल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. न्यायशास्त्रात हेत्वाभासाचा ‘सव्यभिचार’ हा प्रकार सांगितला आहे. जो हेतू साध्य असेल तेथेही सापडतो आणि नसेल तेथेही सापडतो, तो पुरावा होऊ शकत नाही. मंत्र वाचलेल्यांवरही घातला होता आणि दगावलेल्यांवरही!

मग ‘औषधाने बरा झाला’ हाही तोच दोष नाही का? विद्यार्थ्याने असे विचारले तर त्याला शाबासकी द्यावी. एकच रुग्ण पाहून तसे म्हटले तर दोषच आहे. परंतु प्रतिसर्पविषाच्या बाबतीत चारही चौकोन भरलेले आहेत. प्रयोगशाळेत काही उंदरांना नुसते विष देतात, काहींना विष व प्रतिविष एकत्र देतात आणि दोन्ही गटांची तुलना करतात. भारतीय मानकानुसार १ मिलिलिटर प्रतिविषाने नाग किंवा घोणस यांचे ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार किंवा फुरसे यांचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे. दावा आकड्यात मांडला आहे, त्यामुळे तो चुकीचा ठरण्याची सोय आहे. मंत्राच्या दाव्यात ती सोयच नसते.

चर्चा रंगली की आणखी काही दोष डोकावतात. ‘आजोबांपासून चालत आले आहे’ : जुने म्हणून खरे ठरत नाही. ‘तू कालचा पोर, तुला काय कळते?’ : बोलणाऱ्याचे वय काढले, मुद्द्याला उत्तर दिलेच नाही. ‘मंत्र खोटा आहे हे तुम्ही सिद्ध करा’ : पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. मात्र मुलाच्या काकांना अडाणी ठरवून वाद जिंकणाऱ्या शिक्षकाकडूनही यांतलाच दुसरा दोष घडतो, हे आपण विसरू नये.

यावर एक सोपा उपक्रम घेता येईल. ‘मांजर आडवे गेले की काम होत नाही’ हे विधान घ्यावे. विद्यार्थ्यांनी महिनाभर रोज दोन नोंदी कराव्यात : मांजर आडवे गेले का, आणि ठरवलेले काम झाले का. महिन्याच्या शेवटी चारही चौकोनांतील आकडे मुलांनीच मोजावेत व निष्कर्षही त्यांनीच काढावा.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो. चावलेला भाग हलू देऊ नये, जखम कापू नये, करकचून दोरी बांधू नये आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. मांत्रिकाच्या दारात गेलेला तासच पुष्कळदा जीव घेतो. चार चौकोन समजलेला विद्यार्थी तो तास वाचवू शकेल.