परदेशच्या शाळेतली नोकरी : पगार किती, उरणार किती?

मैंदर्गीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मैंदर्गी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातले, अगदी कर्नाटकच्या सीमेलगतचे गाव. घरात कानडी, शाळेत मराठी आणि मुलाखतीला इंग्रजी अशा तीन भाषा तिथल्या शिकलेल्या बायका सहज सांभाळतात. या भगिनी बी.एस्सी., बी.एड. आहेत. वय चौतीस. एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतात, पगार चौदा हजार. यजमानांचे बी-बियाण्यांचे दुकान, मुलगी दुसरीत, घरात सासूबाई. आता एका एजंटाने दुबईच्या 'इंटरनॅशनल' शाळेत साडेचार हजार दिरहमची नोकरी देऊ केली आहे आणि त्यासाठी दीड लाख रुपये मागितले आहेत. सासूबाईंनी आपल्या पाटल्या काढून पुढ्यात ठेवल्या. "मी जाऊ की नको?" एवढाच त्यांचा प्रश्न.

मैत्रिणींनो, जा किंवा जाऊ नका, हे बाहेरच्याने सांगायचे नसते. पण हिशेब मांडून देता येतो. हा प्रश्न एकट्या मैंदर्गीच्या बाईंचा नाही. बी.एड. होऊन पाच-सात हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत राबणाऱ्या कितीतरी जणी आज तालुक्याच्या गावांतून आहेत. तेव्हा वही-पेन्सिल घ्या आणि आपण सगळ्याच मिळून आकडेमोड करू या.

'इंटरनॅशनल' या शब्दात काय दडले आहे?

आधी एक गैरसमज दूर करू. शाळेच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिले म्हणजे पगारही इंटरनॅशनल असतो असे नाही. आपल्याकडे तर गल्लोगल्ली अशा पाट्या दिसतात. परदेशात, विशेषतः आखाती देशांत, शाळांचे ढोबळ दोन प्रकार. एक, ब्रिटिश, अमेरिकन किंवा आय.बी. अभ्यासक्रमाच्या शाळा. (आय.बी. ही संस्था १९६८ साली जिनिव्हाला सुरू झाली.) इथे पगार भक्कम असतो, पण त्या पद्धतीने शिकवण्याचा अनुभव आणि सफाईदार इंग्रजी लागते. दुसरा प्रकार भारतीय अभ्यासक्रमाच्या, म्हणजे बहुधा सी.बी.एस.ई.च्या शाळांचा. तिथे आपल्याच देशातून गेलेली मुले, आपल्याच देशातून गेलेल्या बाई. फी बेताची, म्हणून पगारही बेताचा. आपल्या गावातून निघालेल्या शिक्षिकेला पहिली नोकरी मिळते ती बहुतेक या दुसऱ्या प्रकारात.

या वाटेने पुष्कळ माणसे गेली आणि नावारूपाला आली, हेही खरे. केरळातले वर्की नावाचे शिक्षक दांपत्य १९५९ साली दुबईला गेले. तिथे त्यांनी इंग्रजीच्या शिकवण्या केल्या आणि १९६८ मध्ये स्वतःची शाळा काढली. त्याच शाळेतून पुढे त्यांच्या मुलाने मोठा शिक्षणसमूह उभा केला. पण नशीब काढणाऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होते, कर्ज फेडत बसलेल्या बाईंची कोणी सांगत नाही. म्हणून गोष्टींपेक्षा आकडे बरे.

साडेचार हजारांचा जमाखर्च

दिरहमचा भाव १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. रुपयाचा भाव मात्र खालीवर होतो. आपण हिशेबापुरता एक दिरहम म्हणजे २४ रुपये धरू. साडेचार हजार दिरहम म्हणजे झाले १,०८,००० रुपये. चौदा हजार मिळवणारीचे डोळे दिपणारच! शिवाय तिथे पगारावर आयकर नाही.

पण तिथे भाकरी रुपयात मिळत नाही, दिरहममध्येच मिळते. समजा बाई एकट्या गेल्या आणि आणखी दोघींबरोबर खोलीत राहिल्या. खोलीचा वाटा १,३००, जेवणखाण ६००, बस-मेट्रो आणि फोन ३००, औषधपाणी-कपडे २००. एकूण २,४००. उरले २,१०० दिरहम, म्हणजे सुमारे ५०,४०० रुपये. हे आकडे आपण नमुन्यादाखल धरले आहेत. तुम्ही तिथे राहणाऱ्या ओळखीच्या दोघी-तिघींना विचारून आपले आकडे घाला. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते : लाखाची नोकरी म्हटली ती खरी निम्म्याची असते.

निम्मेही काही थोडे नाहीत, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण हा हिशेब एकटीचा झाला.

बिऱ्हाड बरोबर नेले तर?

कुटुंब नेण्यासाठी तिथे ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० पगार आणि राहायची जागा, अशी अट २०१९ पासून आहे. म्हणजे कागदावर साडेचार हजारवालीला घरचे नेता येतात. पण संसार कागदावर चालत नाही. दुबईला परवडत नाही म्हणून पुष्कळ कुटुंबे शेजारच्या शारजात राहतात. तिथली एक लहान जागा धरा २,५००, वीज-पाणी ३५०, तिघांचे जेवणखाण १,३००, प्रवास-फोन ४५०, मुलीच्या शाळेचे ५०० (शिक्षिकेच्या मुलांना बहुधा फीत सवलत असते, पण ती करारात लिहिलेली हवी), किरकोळ ३००. बेरीज ५,४००. पगारापेक्षा नऊशे दिरहम जास्त! म्हणजे दरमहा एकवीस हजार सहाशे रुपयांची तूट. वर व्हिसाचा आणि आरोग्यविम्याचा खर्च निराळा. आणखी एक रीत लक्षात ठेवा. तिथे घरभाडे महिन्याचे नसते, वर्षाचे ठरते आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात.

थोडक्यात, यजमानांना तिथे नोकरी लागली तरच सहकुटुंब जाण्यात अर्थ. आणि ती लागेपर्यंत मैंदर्गीचे चालते दुकान बंद ठेवायचे का, हे त्यांनीच ठरवायचे.

मग उरते एकटीने जाणे. त्याची किंमत वहीत लिहिता येत नाही, तरी एक साधी गोष्ट पाहा. आपल्या शाळांना सुटी मे महिन्यात, जूनच्या मध्यापर्यंत. तिकडच्या शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टात. आई सुटीला घरी येते तेव्हा मुलगी दप्तर घेऊन रोज शाळेत निघालेली असते, आणि मुलीला सुटी लागते तेव्हा आई तिकडे फळ्यासमोर उभी असते. सासूबाई नातीचे सगळे करतील, आईपेक्षाही मायेने करतील. पण हे सगळ्यांनी आधी बसून, मोकळेपणाने बोलून ठरवावे. दुसरे मूल व्हायचे मनात असेल तर तेही आत्ताच बोला. आपल्याकडे कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. अमिरातीत खासगी नोकरीत ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी.

इथे काय सोडून जायचे आहे?

आता तागडीच्या दुसऱ्या पारड्याकडे पाहू. आजचे चौदा हजार सोडायला कोणाला वाईट वाटणार नाही. पण त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट सुटते, ती म्हणजे सरकारी आणि अनुदानित शाळेत लागण्याची संधी.

महाराष्ट्रात शिक्षणसेवकाला तीन वर्षे मानधन मिळते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी लागू होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे माध्यमिकच्या बी.एड. शिक्षिकेचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. म्हणजे दुबईत पोटाला चिमटा काढून जेवढे उरते, तेवढे किंवा त्याहून जास्त इथे घरचे जेवून हातात येते.

"पण ती नोकरी लागते कुठे?" हे तुमचे म्हणणे अगदी रास्त आहे. भरती पवित्र पोर्टलवरून होते, आणि त्यासाठी लागणारी अभियोग्यता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ साली झाली. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून जास्त अंतर पडले! वाट पाहून केस पांढरे होतात. तरीही वयाची अट विसरू नका : खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. चौतिसाव्या वर्षी गेलेली बाई चार-पाच वर्षांनी परत आली, तर खुल्या वर्गासाठी हे दार लागलेले असते. म्हणून जाण्यापूर्वी टी.ई.टी. आणि अभियोग्यता चाचणी दिली नसेल तर द्या. दिली असेल तर निकाल येईपर्यंत तरी धीर धरा. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण उगीच पडलेली नाही.

एजंटाचे दीड लाख

या एका मुद्द्यावर मात्र आम्ही स्पष्टच सांगू : दीड लाख देऊ नका. पाटल्या पेटीत ठेवा.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदलेल्या एजंटाची नावे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहायला मिळतात. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये, तेही पावती देऊन. त्यावर एक पैसाही नाही. शिवाय अमिरातीच्या २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यात नोकरभरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मालकाला मनाई आहे. मग दीड लाख कशाचे?

"आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ," असे कोणी म्हटले तर तिथेच थांबा. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. पकडले गेल्यावर एजंट ओळखसुद्धा दाखवत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. दहावी पास झालेल्यांच्या पासपोर्टला सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. ही सोय चांगली आहे, पण त्यामुळेच शिक्षिकेचा करार विमानतळावर कोणी सरकारी अधिकारी उघडून पाहत नाही. तो आपला आपणच वाचायचा.

खरी भरती कशी होते? शाळा स्वतः जाहिरात देते, अर्ज घेते, फोनवर किंवा व्हिडिओवर बोलते आणि एक तास शिकवून दाखवायला सांगते. तिकडच्या भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून हिवाळ्यातच ही लगबग असते. एकही धडा न घेता नोकरी मिळत असेल तर संशय घ्यावा.

करारात हे पाहा

१. मूळ पगार किती? साडेचार हजारांत मूळ २,५०० असतील तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात. पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, म्हणजे १,७५० दिरहम. मूळ ४,००० असतील तर २,८००. चार वर्षांत हा फरक एक लाख रुपयांवर जातो!

२. जुलै-ऑगस्टचा पगार मिळणार का?

३. राहायची जागा, शाळेची बस, वर्षाचे विमानाचे तिकीट, आरोग्यविमा : यांतले काय आहे आणि काय नाही?

४. परीक्षाकाळ किती? कायद्याने सहा महिन्यांहून जास्त नाही.

५. पासपोर्ट शाळेकडे ठेवायला सांगतात का? मालकाने तो अडकवून ठेवणे तिथल्या कायद्यात बसत नाही.

कागदपत्रांची तयारी तुम्ही आजच सुरू करू शकता. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का लागतो. ओमान, बहारीन किंवा सौदीला जायचे तर अपोस्टिल पुरते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. आणि आपल्या बायकांची नेहमीची अडचण : पदवीवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे! नगरपरिषदेकडचा विवाहनोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र काढून ठेवा. यातच पुष्कळांचे महिने जातात.

मधली वाट

दुबई आणि मैंदर्गी यांच्यामध्येही गावे आहेत बरे का! पुणे, हैदराबाद, बंगळूर इथे आय.बी. आणि केंब्रिजच्या शाळा आहेत. कानडी येणाऱ्या बाईंना बंगळूर तर परके वाटायचेच नाही, आणि सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते. तिथे दोन वर्षे काढली तर इंग्रजी सुधारते, नव्या पद्धतीने शिकवण्याचा हात बसतो आणि मग परदेशची पहिली नोकरीच वरच्या पायरीवर मिळण्याची शक्यता वाढते. रात्रीची गाडी पकडली की सणासुदीला घर!

आणि जगाचा वर्ग गावातही भरवता येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. हा पुरस्कार देणारी संस्था, आपण वर पाहिलेल्या त्या वर्की दांपत्याच्या मुलाचीच.

जायचेच ठरले तर

सगळा हिशेब जमला, करार चांगला निघाला, घरचे राजी झाले, तर खुशाल जा. मात्र किती वर्षांसाठी आणि कशासाठी, हे आधीच लिहून ठेवा. घराचे कर्ज, मुलीचे शिक्षण, काय ते एक. नाहीतर "आणखी एकच वर्ष" म्हणता म्हणता दहा निघून जातात. बँकेत आपल्या नावाचे एन.आर.ई. खाते उघडा, त्यावरच्या व्याजाला आपल्याकडे आयकर नाही. जुने बचत खाते एन.आर.ओ. करून घ्यावे लागते. घरखर्चाला लागेल तेवढेच दरमहा पाठवा आणि बाकीचे आपल्या खात्यात साठू द्या. पैसे आपण मिळवायचे आणि पासबुक दुसऱ्याच्या कपाटात, असे होऊ देऊ नका. हिशेब घरात सगळ्यांना दाखवावा, पण सही आपली असावी.