पराभव शून्य, पण बरोबरी बारा!

फुटबॉल लीगचा गुणतक्ता वाचणाऱ्याची नजर सहसा शेवटच्या, म्हणजे गुणांच्या रकान्यावर जाते. २००३-०४ च्या इंग्लिश प्रीमियर लीगचा तक्ता याला अपवाद ठरला. आर्सेनलच्या नावापुढे सामने ३८, विजय २६, बरोबरी १२ आणि पराभव ० असे आकडे होते. संघाने मिळवलेल्या ९० गुणांपेक्षा त्या शून्याचीच चर्चा अधिक झाली. लीगच्या संयोजकांनीही या पराक्रमासाठी करंडकाची खास सोनेरी आवृत्ती घडवून घेतली. त्यानंतर हा रकाना मोसमभर कोरा ठेवणे प्रीमियर लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघाला साधलेले नाही.

इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये त्यापूर्वी अशी कामगिरी एकदाच झाली होती, तीही लीगच्या पहिल्याच मोसमात. १८८८-८९ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडने १८ सामने जिंकले व ४ बरोबरीत सोडवले. मात्र तेव्हा लीगमध्ये अवघे १२ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २२ सामने येत. ३८ सामन्यांच्या मोसमाशी त्याची तुलना करणे प्रेस्टनवर आणि आर्सेनलवरही अन्याय करणारे आहे.

या शून्याकडे पाहताना शेजारच्या रकान्यातील १२ हा आकडा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण, हा नियम इंग्लंडमध्ये १९८१ पासून लागू आहे. त्यामुळे प्रत्येक बरोबरीत दोन गुण हातचे जातात. बारा सामन्यांत आर्सेनलने असे २४ गुण गमावले. ते कसे गमावले, हे पाहिले की या मोसमाचे चित्र बरेच वेगळे दिसू लागते.

बारापैकी चार सामने गोलशून्य बरोबरीत सुटले. मँचेस्टर युनायटेड व न्यूकॅसलविरुद्धचे सामने त्यांच्या मैदानावर, तर फुलहॅम व बर्मिंगहॅमविरुद्धचे आर्सेनलच्या हायबरीवर झाले. तीन सामन्यांत आर्सेनल पिछाडीवर होता आणि त्याने बरोबरी साधली. त्यांपैकी दोन पोर्ट्समथविरुद्धचे होते आणि तिसरा चार्लटनविरुद्धचा. पोर्ट्समथ हा त्याच वर्षी वरच्या श्रेणीत आलेला संघ. त्याने दोन्ही सामन्यांत आर्सेनलला रोखून धरले, ही गंमतच म्हणायची.

उरलेले पाच सामने मात्र आर्सेनलच्या चाहत्याला चुटपुट लावणारे आहेत. लीस्टर, बोल्टन, एव्हर्टन, मँचेस्टर युनायटेड (हायबरीवर) आणि टॉटनहॅम या पाचही प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आर्सेनल आघाडीवर होता आणि पाचही वेळा ती आघाडी हातून निसटली. लीस्टरने ९० व्या मिनिटाला, युनायटेडने ८६ व्या मिनिटाला, तर बोल्टनने ८३ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला. टॉटनहॅमविरुद्ध तर दोन गोलांची आघाडी होती. या पाच आघाड्या टिकल्या असत्या तर दहा गुणांची भर पडून बेरीज बरोबर १०० झाली असती. प्रीमियर लीगमध्ये शंभर गुणांचा टप्पा पुढे २०१७-१८ मध्ये मँचेस्टर सिटीने गाठला. त्या मोसमात सिटीने ३२ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि दोन गमावले. दोन पराभव पत्करूनही सिटीचे गुण अपराजित आर्सेनलपेक्षा दहाने अधिक!

म्हणजे न हरण्याला लीगच्या गणितात वेगळी किंमत नाही. तीन सामने बरोबरीत सोडवणारा आणि तीनपैकी एक जिंकून दोन हरणारा, हे दोन्ही संघ गुणांनी समान ठरतात. एका विजयाला दोनच गुण मिळत होते, तेव्हाही केवळ अपराजित राहून भागत नसे. १९७८-७९ मध्ये इटलीच्या सेरी ए लीगमध्ये पेरुजियाने ३० सामन्यांत एकही पराभव पाहिला नाही. पण ११ विजय आणि तब्बल १९ बरोबऱ्या यांतून त्याचे ४१ गुण झाले आणि तीन सामने हरलेल्या मिलानने ४४ गुणांसह जेतेपद नेले. अलीकडचे उदाहरण लिव्हरपूलचे. २०१८-१९ मध्ये हा संघ ३८ पैकी एकच सामना हरला, त्याचे ९७ गुण झाले आणि तरीही चार सामने हरलेल्या सिटीच्या मागे, एका गुणाने, तो दुसरा राहिला. आर्सेनलच्या शून्याला करंडकाची जोड मिळाली ती त्या २६ विजयांमुळे. दुसऱ्या क्रमांकावरील चेल्सीचे ७९ गुण होते, म्हणजे अंतर ११ गुणांचे पडले.

हे विजय कुणी मिळवून दिले? आर्सेनलच्या ७३ गोलांपैकी ३० एकट्या थिएरी हेन्रीचे आणि १४ रॉबर्ट पिरेसचे. उरलेले २९ गोल बाकी सगळे खेळाडू आणि प्रतिस्पर्ध्यांचे स्वयंगोल यांत विभागले गेले. दुसऱ्या टोकाला गोलरक्षक येन्स लेहमन ३८ च्या ३८ सामने खेळला आणि संघाने केवळ २६ गोल स्वीकारले.

नशिबाचा वाटाही मान्य करायला हवा. २१ सप्टेंबर २००३ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर पॅट्रिक व्हिएराला लाल कार्ड मिळाले होते आणि अखेरच्या क्षणांत युनायटेडला पेनल्टी मिळाली. रुड व्हॅन निस्टलरॉयचा फटका आडव्या खांबावर आदळला. तो थोडा खाली असता तर अपराजित मोसमाची कथा सहाव्या आठवड्यातच संपली असती. त्यानंतर आर्सेनलच्या खेळाडूंनी व्हॅन निस्टलरॉयभोवती जो धिंगाणा घातला, त्यापायी क्लबला पावणेदोन लाख पौंडांचा दंड बसला.

‘अपराजित’ हे बिरुद फक्त लीगपुरतेच होते, हेही विसरून चालणार नाही. त्याच मोसमात इतर स्पर्धांत आर्सेनल सहा सामने हरला. एप्रिल २००४ च्या पहिल्या आठवड्यात तर मँचेस्टर युनायटेडने त्याला एफए कपमधून आणि चेल्सीने चॅम्पियन्स लीगमधून तीन दिवसांच्या अंतराने बाहेर काढले. लगेच ९ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, लिव्हरपूलविरुद्ध मध्यंतराला आर्सेनल १-२ असा पिछाडीवर होता. उत्तरार्धात सामना ४-२ असा फिरला आणि त्यात हेन्रीची हॅटट्रिक होती. मोसमाचा खरा कस लागला तो या ४५ मिनिटांत, असे माझे मत आहे.

जेतेपद २५ एप्रिललाच टॉटनहॅमच्या मैदानावर, त्या निसटलेल्या २-२ बरोबरीतच निश्चित झाले. त्यानंतर चार सामने उरले होते. करंडक हाती आल्यावर पाय सैल पडणे स्वाभाविक असते. आपल्या मुंबई सिटीचे २०२२-२३ मध्ये हेच झाले. इंडियन सुपर लीगमध्ये १८ सामने अपराजित राहून या संघाने साखळीतील अव्वल स्थान पक्के केले आणि उरलेले दोन्ही सामने गमावले. आर्सेनलही त्या चार सामन्यांत अडखळलाच. दोन बरोबऱ्या झाल्या, एक १-० असा निसटता विजय मिळाला आणि १५ मे रोजी अखेरच्या सामन्यात आधीच खालच्या श्रेणीत घसरलेल्या लीस्टरने पहिला गोल केला. हेन्रीच्या पेनल्टीने बरोबरी साधली आणि व्हिएराने २-१ असा विजय मिळवून दिला.

ही मालिका पुढच्या मोसमातही चालू राहिली आणि ४९ सामन्यांवर थांबली. त्यांत ३६ विजय, १३ बरोबऱ्या आणि ११२ गोल होते. प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी संपूर्ण मोसम अपराजित राहणे शक्य असल्याचे २००२ मध्येच म्हटले होते आणि तेव्हा त्यांची यथेच्छ थट्टा झाली होती. त्या वर्षी १९ ऑक्टोबरला एव्हर्टनच्या सोळा वर्षांच्या वेन रूनीने अखेरच्या मिनिटाला गोल करून आर्सेनलची ३० सामन्यांची मालिका खंडित केली होती. २४ ऑक्टोबर २००४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर तोच रूनी आता युनायटेडच्या पोशाखात होता आणि त्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. त्याला पाडल्याबद्दल पेनल्टी दिली गेली. ती घ्यायला व्हॅन निस्टलरॉय पुढे आला आणि या वेळी चेंडू जाळ्यात गेला. दुसरा गोल रूनीने स्वतः केला.

४९ सामन्यांची ही मालिका मे २००३ मध्ये साउदम्पटनविरुद्धच्या ६-१ अशा विजयाने सुरू झाली होती. ती तुटल्यावर लीगमधील पुढचा सामना योगायोगाने साउदम्पटनशीच होता. तो २-२ असा बरोबरीत सुटला.