बेटांवरची वीज, विमानातली आग

अंदमान-लक्षद्वीपच्या पर्यटनविकासाची चर्चा करताना विजेवर चालणाऱ्या जलक्रीडा-साधनांचे आकर्षण सांगितले जाते. त्यांच्या बॅटऱ्या बेटांवर पोहोचणार कशा, याचा विचार क्वचितच होतो.

हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय दंडक स्पष्ट आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी केवळ हातसामानात चालते; १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते; त्यापुढे प्रवाशाला मनाई. पाण्याखालील छोट्या स्कूटरची बॅटरी या मर्यादेत बसू शकते; विजेवरच्या फॉइल-बोर्डाची, सुमारे दोन हजार वॉट-तासांची, कदापि नाही.

या दंडकामागे इतिहास आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी लिथियम बॅटऱ्या वाहणारे मालवाहू विमान आग लागून दुबईत कोसळले. दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यासही बंदी आली.

म्हणून पर्यटनासाठी यात सवलत मागणे मला गैर वाटते. योजना एका खात्याने आखायची आणि वाहतुकीची चिंता दुसऱ्याने करायची, ही रीत मी प्रशासनात पुष्कळ पाहिली. कोची व चेन्नईहून बेटांकडे जहाजे जातातच. मोठ्या बॅटऱ्या धोकादायक मालाचे नियम पाळून जलमार्गे न्याव्यात, साधने बेटांवरच भाड्याने मिळावीत आणि बॅटरीची मर्यादा प्रवाशाला तिकीट काढतानाच कळावी.