हात पोहोचेल असे विमान

निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : तुमचे आवडते विमान कोणते? विचारणाऱ्याला जम्बो किंवा कॉन्कॉर्ड असे काहीतरी ऐकायचे असते. मी ‘बोइंग ७३७-२००’ असे सांगतो, तेव्हा त्याचा थोडा हिरमोड होतो.

वैमानिकाला विमान आवडते ते हवेत कसे वागते यावरून. देखभाल अभियंत्याची आवड फार साध्या गोष्टींवर ठरते. बिघडलेला भाग डोळ्यांना दिसतो का, हात तिथवर जातो का, पाना फिरवायला जागा आहे का, आणि एक भाग काढण्यासाठी दुसरे किती भाग उतरवावे लागतात?

७३७ प्रथम उडाले ते ९ एप्रिल १९६७ रोजी. जिथे उंच शिड्या नाहीत, सामान चढवण्याची यंत्रे नाहीत, अशा लहान विमानतळांवरही ते चालावे म्हणून त्याचे पोट जमिनीजवळ ठेवले गेले. इंजिने पंखांच्या खाली जवळजवळ चिकटलेली. झाकण उघडले की जमिनीवर उभ्या उभ्या ती तपासता येत. मुख्य चाकांच्या खोबणीत शिरले, की हायड्रॉलिकच्या टाक्या, फिल्टर, नळ्या एकाच जागी समोर. मुंबईच्या पावसात, रात्री दोन वाजता, पहाटेच्या उड्डाणाआधी गळती शोधायची असली, की या मांडणीचे मोल कळे.

ही केवळ कामगाराच्या सोयीची गोष्ट आहे, असे मात्र कोणी समजू नये. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ जातीचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. आतले सर्व ८८ जण मरण पावले. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणाऱ्या लांब स्क्रूला पुरेसे ग्रीस मिळाले नव्हते. त्यामुळे त्याच्या नटाचे आटे झिजून उडाले होते. दोन ग्रीसिंगमधला काळ वाढवला गेला होता, हे तपासात पुढे आले. आणखी एक बाबही नोंदली गेली : तिथवर जाण्याची झडप लहान होती. हात आत घातला की नजर अडायची, आणि काम अंदाजाने, स्पर्शाने करावे लागायचे. ती झडप मोठी असावी, अशी शिफारस तपास मंडळाने केली.

हे वाचले तेव्हा मला माझेच हात आठवले. न दिसणाऱ्या जागी ग्रीस भरून मीही कामाच्या कागदावर सही केली आहे. भरले होते, याची मला खात्री होती. पण ती खात्री बोटांची होती, डोळ्यांची नव्हे.

आता माझ्या आवडत्या विमानाची दुसरी बाजू. पुढे इंजिनांचे पंखे मोठे होत गेले आणि ७३७ चा ठेंगणेपणाच अडचण ठरला. १९८४ मध्ये उडालेल्या ७३७-३०० च्या इंजिनाचे आवरण खालून चपटे करावे लागले. ७३७ मॅक्सवर इंजिने आणखी पुढे आणि वर सरकवली. त्यामुळे बदललेला विमानाचा स्वभाव सांभाळण्यासाठी एमकॅस नावाची संगणकीय यंत्रणा बसवली गेली. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ती चुकीच्या संकेतावर नाक खाली ढकलत राहिली. ३४६ माणसे गेली. दोष ठेंगणेपणाचा नव्हे. पण आराखड्यातला एक गुण पन्नास वर्षे जसाच्या तसा ओढत नेला, की त्याची किंमत वेगळीच कोणी मोजतो.

तरीही माझे उत्तर बदलत नाही. नव्या विमानात पडदाच बिघाडाचे नाव सांगतो, हे चांगलेच आहे. पण ते नाव वाचल्यावर शेवटी कोणीतरी टॉर्च घेऊन तिथे जातोच. विमान रेखाटणाऱ्याने त्या माणसाच्या खांद्याची रुंदी आधीच ध्यानात घेतली असेल, तर तो आपले काम नीट करू शकतो, आणि निर्धास्तपणे सही करून घरी जातो.