निकालाआधीची टाच

सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. चाकण, खेड, मावळ भागात जमीन घ्यायला निघालेला जाणता माणूस आधी तिथंच बोट ठेवतो. सोसायटीचं पीककर्ज असो, बँकेचा बोजा असो की बहिणींचे हक्क, सगळं तिथं कळतं. कधीकधी त्या रकान्यात वेगळाच फेरफार दिसतो: ठेवीदार संरक्षण कायद्याखाली जप्त, हस्तांतरणास मनाई. जमिनीचा मालक अजून दोषी ठरलेला नसतो. कदाचित तो जामिनावर बाहेर असतो, त्याच रस्त्यानं ये-जा करत असतो. पण त्या गटातला एक गुंठाही तो आता विकू शकत नाही.

गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच मालमत्तेवर टाच आणायची, हे ऐकायला उलटं वाटतं. फौजदारी कायद्याची जुनी चाल वेगळी होती. आधी निकाल, मग दंड आणि दंडातून जमलं तर पीडिताला भरपाई. चोरी किंवा मारामारीत हे एक वेळ चालून जातं. हजारो लोकांच्या ठेवी बुडवल्याच्या खटल्यात मात्र निकाल लागेपर्यंत फ्लॅट मेहुण्याच्या नावावर गेलेला असतो, गाडी मित्राच्या, आणि खात्यात किमान शिल्लक तेवढी उरलेली असते. मग शिक्षा झाली तरी ठेवीदाराच्या हाती काय येणार?

पोलिसांना जप्तीचा अधिकार आहेच, पण त्याला कुंपण आहे. बँक खातं ही मालमत्ताच आहे, ते गोठवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1999 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. 2019 मध्ये नेवाडा प्रॉपर्टीज प्रकरणात त्याच न्यायालयानं दुसरी बाजू स्पष्ट केली. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 102 खाली पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही. म्हणजे तपास अधिकारी सोनं, गाडी, लॅपटॉप उचलून नेऊ शकतो, बंगला नाही. आणि पैसा तर जमिनीतच मुरलेला असतो, निदान आपल्या पट्ट्यात तरी.

ठेवींच्या गुन्ह्यांपुरती ही फट राज्यानं 1999 मध्येच वेगळा ठेवीदार संरक्षण कायदा करून बुजवली होती. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात त्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. ठेव परत मिळण्याची चिन्हं नाहीत असं दिसलं, की सरकार अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करतं. आधी ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता. ती सापडली नाही किंवा पुरली नाही तर संस्थेची, प्रवर्तकांची, संचालकांची इतर मालमत्ताही. ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. हा उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी, बहुतेकदा प्रांत. त्यानं 30 दिवसांत विशेष न्यायालयात जाऊन जप्ती कायम करण्याची मागणी करायची. कुणाला आक्षेप असेल त्यानं तिथं यावं.

हा कायदा मध्येच मरता मरता वाचला. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं तो घटनाबाह्य ठरवला होता. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा तसाच कायदा वैध ठरवताना मुंबईचा हा निर्णय मान्य केला नाही, आणि एमपीआयडी पुन्हा उभा राहिला.

पुणेकरांना हा कायदा तोंडपाठ झाला तो डीएसके प्रकरणामुळं. बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्यावर ठेवी परत न केल्याच्या तक्रारीवरून ऑक्टोबर 2017 मध्ये शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्लीतून त्यांना अटक झाली. अटकेआधी उच्च न्यायालयानं 50 कोटी रुपये भरण्याची संधी दिली होती. ते भरले गेले नाहीत. सरकारनं जमिनी, इमारती, बँक खाती आणि वाहनं जप्त केली. 2022 मध्ये त्यांना जामीन मिळाला. ठेवीदारांमध्ये बहुसंख्य निवृत्त मंडळी. पावत्यांच्या झेरॉक्स प्रतींची फाईल काखोटीला मारून तारखांना येणारी.

इथं एक गोची आहे. जप्त मालमत्तेवर ठेवीदार एकटा दावा सांगत नाही. त्याच जमिनीवर बँकेचं तारण असतं, करखात्याची थकबाकी असते, फ्लॅटचे पैसे भरून ताबा न मिळालेली माणसं असतात, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली की राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची वेगळीच रांग सुरू होते. रांगेत पुढं कोण, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज हा वस्तूबाजार 31 जुलै 2013 ला बंद पडला, तेव्हा सुमारे 13,000 गुंतवणूकदारांचे जवळपास 5,600 कोटी अडकले होते. त्याच प्रकरणात मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्वाळा दिला: एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारण घेतलेल्या बँकांना ठेवीदारांच्या पुढचा नंबर मागता येणार नाही. बारा वर्षं लागली, पण उत्तर सरळ मिळालं.

पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेची गोष्ट थोडी निराळी. ऑक्टोबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं छत्र होतं, त्यामुळं बहुतेक ठेवीदार वाचले. कर्जवाटपातल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवरून ईडीनं 2023 मध्ये सुमारे 122 कोटींच्या मालमत्तांवर मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली टाच आणली. ही टाच आधी 180 दिवसांची असते, मग न्यायनिर्णय प्राधिकरण ती कायम करतं. खटला चालू असतानाही पीडितांना मालमत्ता परत देण्याची मुभा 2018 च्या दुरुस्तीनं विशेष न्यायालयाला मिळाली आहे.

मालमत्ता ताब्यात घेणं सोपं, ती सांभाळणं कठीण. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत तर अवसायकावरच संशयाची सुई गेली. मालमत्ता कवडीमोलानं विकल्या, ठेवीदारांना 30–40 टक्के रक्कम टेकवून त्यांच्या पावत्या विकत घेतल्या आणि त्याच पावत्या पूर्ण किमतीनं वळत्या केल्या, असा आरोप पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं 2020 मध्ये ठेवला. कुंपणानंच शेत खाल्ल्याचा हा आरोप.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 107 मुळं हे हत्यार फक्त ठेवींच्या गुन्ह्यांपुरतं राहिलं नाही. पिंपरी-चिंचवडचा तपास अधिकारी आता आयुक्तांच्या मंजुरीनं थेट न्यायालयात जप्तीचा अर्ज करू शकतो. न्यायालय 14 दिवसांची कारणे दाखवा नोटीस देतं. ती मालमत्ता गुन्ह्यातून आलेली आहे असं ठरलं, तर जिल्हाधिकाऱ्यांनी ती 60 दिवसांत पीडितांना वाटायची. पूर्ण खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायची अट नाही. आरोपीच्या वकिलांना हे अर्थातच रुचत नाही आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही: माणूस पुढं निर्दोष सुटला, तर वाटून टाकलेला पैसा परत कुणाकडून आणायचा?

सगळी जप्ती एका मापानं मोजून चालत नाही. पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या केलेल्या आलिशान गाडीचे टायर पहिल्या पावसाळ्यातच बसतात. बॅटरी उतरते, सीटखाली उंदीर वायरी कुरतडतात, आणि लिलावाला परवानगी मिळेपर्यंत तिची किंमत भंगाराकडं झुकलेली असते. डीएसके प्रकरणातल्या गाड्यांचा लिलाव म्हणूनच खटला संपायची वाट न पाहता मागितला गेला. जमिनीचं गणित उलटं. चाकणच्या औद्योगिक पट्ट्याजवळचा जप्त तुकडा पाच वर्षं नुसता पडून राहिला, तरी त्याचा भाव चढतो. फक्त त्यावर कुणी पत्र्याची शेड ठोकलेली नाही ना, हे सक्षम प्राधिकाऱ्यानं मधूनमधून जाऊन पाहायला हवं.