‘डोकं खाली ठेव’ आणि इतर फुकटचे सल्ले

गोल्फच्या मैदानावर नवख्याचा चेंडू गवतावरून फरपटत वीस-तीस पावलं गेला, की सोबतचे तिघेही एका सुरात सांगतात, “डोकं उचललंस!” कॅडी अदबीने तेच म्हणतो, “साहेब, नजर लवकर उठली.” गोल्फमध्ये सर्वांत जास्त वाटला जाणारा सल्ला हाच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणाराही हाच.

चेंडूच्या डोक्यावर क्लब लागतो, कारण स्विंगच्या वर्तुळाचा तळ नको तिथे पडलेला असतो. वजन मागच्या पायावरच राहिलेलं असतं, नाहीतर चेंडूपाशी येताना हात कोपरात आखडतात, किंवा कंबर आधीच सरळ होते. अख्खं शरीर वर आलं की डोकंही वर येणारच. म्हणजे डोकं उचललं जाणं हा परिणाम आहे, पण आपण त्यालाच रोग समजून औषध देतो. स्वीडनची अ‍ॅनिका सोरेनस्टॅम आणि अमेरिकेचा डेव्हिड दुवाल यांच्या जुन्या चित्रफिती मंद गतीने पाहा. क्लब चेंडूला लागायच्या आधीच दोघांचे चेहरे लक्ष्याकडे वळू लागलेले दिसतात. या दुवालने १९९९ मध्ये आणि सोरेनस्टॅमने २००१ मध्ये अधिकृत स्पर्धेत १८ होलांची फेरी ५९ फटक्यांत संपवली होती. मान गाडून ठेवणाऱ्याचे खांदे मात्र अर्ध्यातच अडकतात, आणि पाठ दुखायला लागते ती वेगळीच.

याच्याच पोटातला दुसरा गैरसमज म्हणजे चेंडू हवेत उडवायचा तर क्लबने त्याला खालून उचलायला हवं. जमिनीवर पडलेला चेंडू पाहिला की मनाला तसं वाटतंच. प्रत्यक्षात उचलण्याचं काम क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा, म्हणजे लॉफ्ट, करत असतो. आयर्नने चांगला फटका बसतो तेव्हा क्लब अजून खाली उतरतच असतो. आधी चेंडूला स्पर्श होतो, मग गवताला, आणि गवताचा तुकडा निघतो तो चेंडूच्या जागेच्या पुढे. उचलायला गेलं की तळ मागे सरकतो. मग एकतर क्लब चेंडूमागच्या मातीत रुततो, नाहीतर वर येता येता चेंडूच्या डोक्यावर बसतो. दिसायला परस्परविरोधी असलेल्या या दोन चुकांचं मूळ एकच. ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. तिथे चेंडू टीवर उंच ठेवलेला असतो, त्यामुळे क्लब किंचित वर जाताना लागला तर फायदाच होतो.

हे स्वतः तपासायचं असेल तर सरावाच्या गवतावर चुन्याची एक आडवी रेघ ओढावी आणि चेंडू न ठेवता रेघेवर स्विंग करावा. क्लबने गवत कुठे खरवडलं ते बघावं, रेघेच्या अलीकडे की पलीकडे. आपल्याकडच्या बहुतेक ड्रायव्हिंग रेंजवर मात्र हिरव्या मॅट असतात, आणि मॅट सरळ खोटं बोलते. चेंडूच्या दोन इंच मागे आपटलेला क्लब मॅटवरून घसरत पुढे जातो, चेंडू बऱ्यापैकी उडतो आणि आपण खूश. तोच फटका मैदानावर मारला की मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब जातं. मॅटवर खेळायची वेळ आलीच, तर चेंडूच्या मागे चार-पाच बोटांवर घडी घातलेला नॅपकिन ठेवावा. क्लब नॅपकिनला लागला की समजावं, गवतावर काय झालं असतं ते.

आता स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे केळ्यासारखा वळत झाडीत जातो, आणि हौशी खेळाडूंपैकी बहुतेकांचं हेच दुखणं असतं. जुन्या पुस्तकांत शिकवलं जायचं की चेंडू आधी स्विंगच्या दिशेने सुटतो आणि मग क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीची रडार यंत्रं आली, फटक्याचा क्षण मोजता येऊ लागला आणि ही समजूत उलटी ठरली. चेंडू क्लबला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात क्लबचं तोंड जिकडे असतं, साधारण तिकडेच चेंडू सुटतो. सुरुवातीच्या दिशेत तोंडाचा वाटा ड्रायव्हरला सुमारे ८५ टक्के आणि आयर्नला ७५ टक्क्यांच्या आसपास असतो. पुढे चेंडू किती वळणार, हे तोंडाची दिशा आणि क्लबच्या वाटचालीची दिशा यांतल्या फरकावर ठरतं.

यातून स्लाइसवाल्याची शोकांतिका नीट कळते. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो डावीकडे तोंड करून उभा राहतो आणि हातही आणखी डावीकडे ओढतो. तोंड आणि वाट यांतला फरक वाढतो, चेंडू आधीपेक्षा जास्त वळतो. मग पुढच्या वेळी तो आणखी डावीकडे वळून उभा राहतो. सुरुवात करायची ती ग्रिपपासून. डाव्या हाताची मूठ वरून पाहिली तर बोटांची निदान दोन पेरं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर क्लबचं तोंड वेळेवर बंद होणं अवघडच.

क्रिकेट खेळलेल्याला गोल्फ आपोआप येतो, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. नजर आणि मनगटं तयार असतात, हे खरं. पण बॅटचा मारायचा भाग मुठीच्या सरळ रेषेत असतो. गोल्फ क्लबचं डोकं मात्र दांड्याच्या एका बाजूला बाहेर आलेलं असतं, त्यामुळे त्याचं वजन दांड्याच्या रेषेत पडत नाही आणि स्विंगमध्ये तोंड मागे उघडं राहू पाहतं. ते फटक्यापर्यंत फिरवून आणावं लागतं. बॅटवर ही सवय लागलेली नसते. त्यामुळे कव्हर ड्राइव्ह सुरेख मारणारा माणूस टीवर आल्यावर हमखास उजवीकडचं जंगल धुंडाळताना दिसतो.

सरावाबद्दलची लाडकी म्हण अशी, की ड्रायव्हर दाखवण्यासाठी आणि पटर कमाईसाठी. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरवरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अव्वल खेळाडू इतरांच्या पुढे जातात त्यात पटिंगचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास निघाला. ग्रीनकडे मारलेल्या लांबच्या फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आणि टीवरच्या फटक्यांचा २८. हौशी खेळाडूंतही चांगला आणि सामान्य यांच्यातलं अंतर मुख्यतः लांबच्या फटक्यांनीच पडतं. म्हणून पटिंग सोडून द्यावं असं नाही. अपेक्षा मात्र जमिनीवर आणाव्यात. आठ फुटांवरून जगातले उत्तम व्यावसायिकही साधारण निम्मेच पट घालतात. आपण आठ फुटांवरून चुकल्यावर कपाळाला हात लावतो, त्याला तसा काही आधार नाही.

किती सराव करावा, यापेक्षा कसा करावा हा प्रश्न मोठा आहे. बादलीभर चेंडू घ्यायचे, सात नंबरचा आयर्न काढायचा आणि एकाच झेंड्याकडे एकामागून एक हाणत सुटायचं, हा आपला सराव. दहाव्या-बाराव्या चेंडूपासून फटके जमू लागतात आणि आपण शिकलो असं वाटतं. शिकण्याच्या विज्ञानात ही फसगत जुनी आहे. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल या संशोधकांनी बॅडमिंटनच्या नवशिक्यांना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. काहींनी एकेक प्रकार घोटून घेतला, काहींनी तिन्ही उलटसुलट क्रमाने केले. नंतरच्या चाचणीत उलटसुलट सराव केलेलेच सरस ठरले. गोल्फमध्ये तर हे उघडच आहे, कारण मैदानावर तोच फटका लागोपाठ दुसऱ्यांदा मारायला सहसा मिळत नाही. रेंजवर ड्रायव्हर, मग आठ नंबर, मग वेज, दर वेळी नवं लक्ष्य, असं खेळलं की बादलीही जास्त वेळ पुरते.

आणखी एक गोष्ट. गॅब्रिएले वुल्फ यांच्या १९९९ च्या प्रयोगात नवख्यांच्या एका गटाला पिच मारताना हातांच्या हालचालीवर लक्ष द्यायला सांगितलं होतं, दुसऱ्याला क्लबच्या झोक्यावर. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके लक्ष्याच्या जास्त जवळ पडले. मैदानावर मित्रमंडळी जे सांगत असतात ते जवळपास सगळं कोपर, गुडघा आणि खांद्याबद्दलच असतं, तेव्हा मित्रांचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

साहित्याच्या बाबतीत दुकानदारापेक्षा नियमावली जास्त प्रामाणिक आहे. ड्रायव्हरचं डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही, आणि त्याच्या तोंडाच्या उसळीलाही कमाल मर्यादा आहे. या मर्यादा वीसेक वर्षांपासून आहेत आणि कंपन्या केव्हाच तिथवर पोचल्या आहेत. त्यामुळे ‘यंदाचा ड्रायव्हर दहा यार्ड जास्त’ ही जाहिरात दर वर्षी खरी असती, तर आपण आज चेंडू शेजारच्या तालुक्यात टाकत असतो. सुधारणा झाली ती चेंडू कडेला लागल्यावर होणारं नुकसान कमी करण्यात. पाच-सात वर्षं जुना, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला ड्रायव्हर निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर मी डोळे झाकून तोच घेईन.

‘माझा नवा सात नंबर जुन्यापेक्षा पंधरा यार्ड लांब जातो’, हेही असंच. चाळीसेक वर्षांपूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असायचा. आजच्या अनेक सेटमध्ये तो तीसच्याही खाली आहे. दांडाही थोडा लांब झालाय. म्हणजे हातात जवळजवळ जुना पाच नंबरच असतो, फक्त त्याच्या बुडावर सात कोरलेलं असतं.

शाफ्टवर ‘रेग्युलर’, ‘स्टिफ’ किंवा ‘लेडीज’ छापलेलं असतं, त्याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टिफ दुसऱ्या कंपनीच्या रेग्युलरइतका लवचिक निघू शकतो. शाफ्ट निवडायचा तो स्विंगच्या वेगावरून, वयावरून किंवा स्त्री-पुरुष भेदावरून नव्हे. जोरकस स्विंगच्या उंच मुलीला दुकानात ‘लेडीज सेट’ पुढे केला जातो तेव्हा तिने तो नम्रपणे परत सरकवावा. बाकी ब्रँडची चर्चा करण्याआधी लांबी, क्लबचा जमिनीशी कोन आणि ग्रिपची जाडी बघावी. उभं राहिल्यावर मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर किती भरतं, हे नुसत्या उंचीपेक्षा जास्त उपयोगी. बॅगेत १४ क्लब ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. सुरुवातीला ड्रायव्हर, एक हायब्रिड, तीन-चार आयर्न, एक सँड वेज आणि पटर यांत उत्तम भागतं, शिवाय कॅडीचे खांदेही वाचतात.

महागडा चेंडू? युरेथेनचं मऊ आवरण असलेले चेंडू ग्रीनजवळ वेजने मारल्यावर जास्त फिरतात आणि लवकर थांबतात. हा फरक खरा आहे. मात्र दर फेरीत चार चेंडू तळ्याला अर्पण करणाऱ्याने मधल्या किमतीचा एकच चेंडू ठरवून त्यावरच हात बसवावा.

पावसाळ्यात मुंबईकर हमखास सांगतात, की दमट हवा जड असते म्हणून चेंडू पुढे जात नाही. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका असतो, म्हणजे त्याच तापमानाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते. अंतर घटतं ते चिखलात रुतून बसणाऱ्या चेंडूमुळे, कारण टप्पा खाऊन पळणं बंद होतं. रुतलेला चेंडू नियमाप्रमाणे दंड न घेता काढून टाकता येतो, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथली हवा खरोखरच विरळ. मुंबईपेक्षा चेंडू दोनेक टक्के लांब जातो, दोनशे यार्डांना चारेक यार्ड. पुणेकराने याचं श्रेय स्वतःच्या स्विंगला दिलं तरी कुणी हरकत घेऊ नये.

राहता राहिला हँडिकॅप. तो आपली सरासरी दाखवतो असं समजून लोक उगाच खट्टू होतात. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठच मोजल्या जातात, उरलेल्या बारा सोडून दिल्या जातात. त्यामुळे ७२ पारच्या सर्वसाधारण मैदानावर १८ हँडिकॅपवाला ९० मध्ये आला तर त्याचा दिवस चांगला गेला, आणि ९४ मारून आला तर त्याने नेहमीसारखाच खेळ केला.